पाणी मारलेला कापूस

सत्यभामाच्या घरात अडीच वर्षांपासून दोन पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांच्या वाटचं बोलणं तिलाच बोलावं लागत होतं. एक तिचा नवरा डोमाजी आणि दुसरा तिचा एकुलता एक मुलगा संघदीप. घर टिनाचं, तीन खोल्यांचं. एक समोरून आत आला की दुसरा मागच्या दारानं अंगणात जायचा, जसं काही घरात जप्तीवालेच शिरले. मग डोमाजी अंगणातून ओरडायचा, "त्याले सांग," आणि तासाभरानं संघदीप चुलीपाशी येऊन म्हणायचा, "बाबाले सांग." मध्ये ही बाई. हाताला भाकरीचं पीठ, आणि तोंडात दुसऱ्यांची भांडणं.

बरं, ती निरोप जसाच्या तसा पोचवत होती म्हणाल, तर तेही नाही. तसा पोचवला असता तर त्या घरात कधीच डोकी फुटली असती. डोमाजी म्हणायचा, "त्या दिवट्याले सांग, बैल इकाचे असतील तं मी मेल्यावर इकजो." सत्यभामा आत जाऊन सांगायची, "बाबा म्हनते, बैलाची घाई नको करू बाप्पा." संघदीप म्हणायचा, "बुढ्याच्या डोक्यात भुसा भरला हाये." ती बाहेर येऊन सांगायची, "पोरगं म्हनते, जरा इचार करा." दोघांनाही ठाऊक होतं की निरोपाला वाटेत गूळ लागतो. पण ते गोड करून मिळालेलं दोघांनाही चालत होतं, कारण त्यामुळे आपापला ताठा शाबूत राहत होता. थकत होती ती एकटी, आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

भांडण लागलं होतं कापसावरून. एका वर्षी कापसाला भाव असा चढला, की साऱ्या जिल्ह्याचं डोकं फिरलं. डोमाजीचं जरा जास्तच. पुढच्या हंगामात भाव पडला तेव्हा त्यानं ठरवलं, की गेल्या वर्षीचा भाव आल्याशिवाय बोंडही बाहेर काढायचं नाही. चार एकराचा कापूस समोरच्या खोलीत छपरापर्यंत कोंबला. दिवाळी गेली, आंबेडकर जयंती गेली, ऊन तापलं, भाव काही हलला नाही. उन्हाळ्यात घरात पडून राहिलेल्या कापसात किडे होतात, त्यांची खाज सुटते. सगळं घर अंग खाजवत होतं. संघदीपची मुलगी संबोधी तेव्हा दोन वर्षांची. तिनं खाजवून खाजवून पाठ सोलून घेतली. संघदीप तिला दारव्ह्याच्या दवाखान्यात नेऊन आणून फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आला आणि चारचौघांत बोलला, की आमच्या म्हाताऱ्याला नातीपेक्षा कापूस प्यारा आहे. डोमाजी तिथंच बाकावर बसलेला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि सांगितलं, की आजपासून मले बाप म्हनू नको. कापूस शेवटी जून महिन्यात गेला, दिवाळीच्याही खालच्या भावानं. शब्द मात्र दोघांनीही परत घेतले नाहीत.

यंदाही भाव मेलेलाच होता. सरकारनं ठरवलेला हमीभाव आणि व्यापारी देत होता तो भाव, यांत क्विंटलमागं हजार-बाराशेचा फरक. गावातल्या निम्म्या लोकांनी दिवाळीलाच व्यापाऱ्याच्या गाडीत कापूस टाकून मोकळं व्हायचं ठरवलं, कारण थांबायला पोटात बळ लागतं. संघदीप थांबला. पण बापासारखा आशेवर नाही. त्यानं मोबाइलवर सरकारी खरेदीची नोंदणी केली, सातबारा चढवला, पीक-पाहणीचा फोटो चढवला, आणि रोज सकाळी उठून तारीख मिळाली का ते पाहू लागला. नोंदणी सत्यभामाच्या नावावर होती, कारण वावर तिच्या नावावर होतं. डोमाजीच्या बापाचा डोमाजीवर काडीचा भरवसा नव्हता म्हणून त्यानं मरताना शेत सुनेच्या नावे केलं होतं. या घराण्यात बापलेकांचं वैर काही आजचं नाही.

तारखेची वाट पाहता पाहता संघदीपनं एक दिवस आईला चुलीपाशी सांगितलं, आणि हा निरोप बापासाठी नव्हता, तिच्यासाठीच होता. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्याचा एक मित्र कामाला होता. ठेकेदार संघदीपलाही घ्यायला तयार होता, खोलीही मिळत होती. हा कापूस सरकारी भावानं गेला तर तो राहणार होता, आणखी एक हंगाम पाहणार होता. नाही गेला तर वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचं, आणि तो बायकोला, दीपमालेला, आणि पोरीला घेऊन जाणार. "इथं राहून काय बुढ्याचं तोंड पाहू?" असं म्हणून तो उठला. दीपमाला भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. सासूला कळलं की यांचं आपसांत कधीच ठरलं आहे.

तेव्हापासून सत्यभामाला त्या कापसाची धास्ती वाटू लागली. तिला भावाशी घेणंदेणं नव्हतं. जास्तीचा पैसा आला काय, न आला काय, तिच्या अंगावर दोन लुगड्यांची तीन होणार नव्हती. पण संघदीप गेला की या घरात ती आणि डोमाजी, एवढेच उरणार होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाशी ती एकटीनं कधी राहिली नव्हती. आधी सासू होती, मग पोरगा झाला. नुसत्या डोमाजीबरोबर म्हातारपण तिला काढायचं नव्हतं. म्हणून हा कापूस सरकारी काट्यावर चढला पाहिजे, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

तारीख मिळाली. डिसेंबरातला एक शुक्रवार. आदल्या दिवशी सकाळी संघदीप दारव्ह्याला पिकअप ठरवायला निघाला. निघताना त्यानं आईला निरोप दिला. "बाबाले सांग, कापसाच्या ढिगाले हात लावू नको म्हना. पानी मारू नको बिलकुल. तिथं मशीन लावते आता. ओला निघाला का गाडी वापस."

ही सूचना उगीच नव्हती. डोमाजीच्या पिढीतले लोक कापूस विकायच्या आदल्या दिवशी त्यावर पाणी मारत. यात पाप आहे असं कोणाला वाटत नसे, कारण गावात येणारा व्यापारी काटा मारायचा, वर क्विंटलमागं दोन-तीन किलो कटती कापायची. त्यानं काट्यातून खायचं, यांनी पाण्यातून भरून काढायचं. दोघांनाही माहीत, दोघंही गप्प, असा तो व्यवहार होता. डोमाजीचा हात त्यात मोठा नाजूक. फवारणीच्या पंपानं धुक्यासारखं पाणी मारायचा, थर उलटून पुन्हा मारायचा, आणि वरून कापूस असा कोरडा दिसायचा की व्यापाऱ्याचा मुनीमही फसावा. गावातले लोक त्याला यासाठी घरी बोलवून नेत. माणसाला कोणत्या गोष्टीचा अभिमान वाटावा याचा काही नेम नसतो.

सत्यभामा निरोप घेऊन मागच्या अंगणात गेली. आदल्याच संध्याकाळी तिनं एक निरोप इकडून तिकडे नेला होता. डोमाजीनं म्हटलं होतं, गाडीत कापूस कसा तुडवावा हे त्या पोट्ट्याला कळत नाही. तिनं मुलाला सांगितलं, बाबा मदतीला येतो म्हणतात. त्यावर संघदीप भडकला होता, की तू त्याचीच वकील आहेस, नेहमी त्याचीच बाजू घेतेस. रात्रभर तिला ते टोचत होतं. तरी सकाळी ती मुकाट्यानं निरोप घेऊन निघाली, सवयीनं.

डोमाजी तुराट्यांचा झाडू बांधत बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं मान न वळवताच म्हटलं, "आली का त्याची चपराशीन?"

एवढंच. याहून वाईट तो हजार वेळा बोलला होता. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात काहीतरी सटकलं. एकाची वकील, दुसऱ्याची चपराशीन, आणि अडीच वर्षांत एकानंही विचारलं नाही की बाई, तुझी कंबर कशी आहे. जिभेवर आलेला निरोप तिनं तिथंच गिळला. घ्या म्हणाली मनात, आता तुमचं तुम्ही पाहा. तोंडघशी पडतील तेव्हा बोलतील एकमेकांशी. मग कंबरेला ओटी बांधून ती सुनेसोबत शेवटच्या वेचणीला वावरात निघून गेली.

संध्याकाळी त्या दोघी परतल्या तेव्हा न्हाणीच्या कठड्यावर फवारणीचा पंप धुऊन उलटा ठेवलेला होता. सत्यभामानं तो पाहिला. नाही पाहिला असं तिनं पुढं स्वतःलाही कधी सांगितलं नाही. हरभऱ्यावर अळी आहे, तिकडे मारून आला असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो धरून ठेवला. हरभऱ्याला दोनच दिवसांपूर्वी फवारणी झाली होती, हेही तिला माहीत होतं. ती खोलीत जाऊन ढिगात हात घालून पाहू शकली असती. चार पावलांचं अंतर होतं. पण सकाळचा राग अजून विझला नव्हता, आणि रागात माणूस आपल्याच घराचं नुकसान किती निवांतपणे पाहत राहतो, ते ज्याचं त्यालाच माहीत. तिनं चूल पेटवली.

पहाटे गाडी आली. थंडी कडाक्याची होती, बोटं बधिर झाली होती. कापूस हाताला गार लागत होता, पण त्या गारठ्यात काय गार लागत नव्हतं? ड्रायव्हर आणि संघदीप गाडीत चढून तुडवत होते, खालून दीपमाला आणि सत्यभामा कापसाचे कवळे भरभरून देत होत्या. डोमाजी लांब कडुनिंबाखाली शाल गुंडाळून उभा होता. गाडी निघायच्या बेतात असताना तो दोन पावलं पुढं आला आणि ताडपत्रीचा सुटलेला दोर त्यानं हातानं आवळून बांधला. संघदीपनं ते आरशात पाहिलं. नोंदणी आईच्या नावाची, म्हणून तिला सोबत न्यावंच लागलं. ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली, मांडीवर आधार कार्डाची पिशवी.

सरकारी खरेदी चालू होती त्या जिनिंगच्या बाहेर गाड्यांची रांग डांबरी रस्त्यावर लांबपर्यंत आली होती. लोक रात्रीपासून मुक्कामाला होते आणि एकमेकांच्या अंगावर वसकत होते. कोणी मध्ये गाडी घातली म्हणून दोन ठिकाणी हातघाईवर आलेलं. फाटकाच्या पलीकडे खासगी व्यापाऱ्यांची माणसं टमटमीला टेकून उभी होती. ज्याचा माल वापस येईल त्याच्यावर तुटून पडायला ती तिथं रोजच असायची. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ती अशी पाहत होती, की सत्यभामानं तिकडे पाठ केली.

दुपारी नंबर लागला. प्रतवारी करणारा पोरगा संघदीपहूनही लहान, बाहेरगावचा असावा. त्यानं ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं, आकडा पाहिला आणि दुसरीकडे खुपसलं. मग गाडीवर चढून मधला थर उकरला आणि तिथं खुपसलं. बारा टक्क्यांच्या वर चालत नाही. यंत्र एकोणीस सांगत होतं. पोरानं काही भाषण दिलं नाही. त्यानं आतला मूठभर कापूस काढून खाली वाकून सत्यभामाच्या हातावर ठेवला, आणि म्हणाला, मावशी, तुम्हीच सांगा.

तो ओला होता. थंडीचा गारवा नव्हता तो, पाणीच होतं. तिला न्हाणीच्या कठड्यावरचा पंप आठवला.

संघदीपनं आधी हुज्जत घातली, मग विनवलं. वाळवून आणतो म्हणाला. पोरगा म्हणाला, आणा, पण नवी तारीख घ्या. नव्या तारखा बंद होत्या, हे मोबाइल रोज दाखवत होता. आणि भरून तुडवलेला ओला कापूस घरी नेला तर दोन दिवसांत पिवळा पडतो, मग व्यापारीही नाक मुरडतो. मागच्या गाडीचे हॉर्न सुरू झाले. मागचा शेतकरी खिडकीतून डोकं काढून ओरडला, की तुमच्यासारख्या पानीवाल्यांमुळेच आमच्यावर मशीन आली, काढा गाडी. संघदीपची मान खाली गेली. तो बापावर कितीही तापला असेल, पण चोर म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं आजवर.

फाटकाबाहेर व्यापाऱ्याच्या माणसानं ओल्या मालाचा भाव सांगितला. तो गावात दिवाळीला मिळत होता त्याहूनही खाली होता. संघदीपनं घासाघीस केली नाही. कापूस उतरवून होईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला पाठ करून बसला होता. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर एकटाच काहीबाही बोलत राहिला.

घरी डोमाजी ओसरीवर बाजेवर बसला होता. त्यानं दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. सत्यभामाला ते पाहून धक्काच बसला. तो वाट पाहत होता. मुलगा वजनाची पावती घेऊन येईल, पावतीत दीड-दोन क्विंटल जास्तीचे दिसतील, आणि ते कोणी केलं हे न सांगताच कळेल, असं त्याचं वाट पाहणं होतं. अडीच वर्षांनी त्यानं पोरासाठी काहीतरी केलं होतं. जे एक काम त्याला साऱ्या गावापेक्षा चांगलं येत होतं, तेच केलं होतं.

संघदीप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मागच्या दारानं गेला नाही.

"पानी तू मारलं?"

डोमाजी क्षणभर गोंधळला. पोरगं थेट बोललं, एवढंच त्याला आधी कळलं असावं. "हो," तो म्हणाला. "वजन भराले."

"एकोनीस निघालं मशीनमंधी. गाडी वापस केली. व्यापाऱ्याले फेकून आलो." संघदीपचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच दीपमाला पोरीला घेऊन आत गेली. "म्या आईजवळ निरोप देला होता, पानी मारू नको म्हनून. आईनं सांगतलं नव्हतं काय तुले?"

आता सांगायला हवं होतं. सत्यभामा उंबऱ्यात उभी होती, पिशवी अजून हातात. 'मी नाही सांगितलं,' एवढे तीन शब्द. डोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आधी प्रश्न होता, मग त्याला उत्तर सापडलं. तिचं तोंड पाहून ते कोणालाही सापडलं असतं. संघदीप मात्र बापाकडेच पाहत होता.

"सांगतलं होतं," डोमाजी म्हणाला.

"तरी मारलं?"

"तरी मारलं."

संघदीप हसला, आणि तसलं हसू आईनं त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "मले इथून काढाचंच होतं तं तसं सांगाचं होतं," तो म्हणाला. "चार एकराचं सोनं कायले माती केलं?" मग तो आत गेला आणि माळ्यावरची पेटी खाली ओढल्याचा आवाज आला.

सत्यभामानं डोमाजीला मागच्या अंगणात गाठलं. तिला वाटलं होतं तो मारेल, निदान शिव्या देईल. तिला ते हवंही होतं. तो तुराट्यांच्या ढिगाशी उकिडवा बसून विडी शिलगावत होता.

"काहून खोटं बोल्ले?" तिनं विचारलं.

"तो मले आधीच शिव्या देते," तो म्हणाला. "आनखी दोन देईन तो. तुले द्याले लागला तं या घरी कोनासाठी येईन तो? आता तोंड उघडू नको."

एखादीला यावर रडू आलं असतं, नवऱ्याचं मोठं मन दिसलं असतं. सत्यभामाला संताप आला. चाळीस वर्षांत या माणसानं तिच्यासाठी एक गोष्ट केली नव्हती, आणि केली ती ही. तिच्या चुकीवर स्वतः बसून राहिला आणि तिलाच गप्प बसायचा हुकूम दिला. आता जन्मभर ती पोराशी बोलेल तेव्हा हे खोटं घशात घेऊन बोलायचं. त्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याला तसं म्हणाली. तो विडी ओढत राहिला.

चार दिवस ती गप्प राहिली. त्या चार दिवसांत संघदीपनं गावातल्या एकाशी वावराचा मक्ता ठरवला, सही करायला आईला नेलं आणि परत आणून सोडलं. घरात कोणी कोणाला निरोप दिला नाही. दीपमालेनं कपड्यांची गाठोडी बांधली. संबोधी तिची एक चप्पल शोधत साऱ्या घरभर फिरत होती, आणि आजोबाच्या बाजेखाली ती सापडली तेव्हा संघदीपनं तिला तिकडे जाऊ दिलं नाही, स्वतः वाकून काठीनं ओढून काढली.

मंगळवारी सकाळी सत्यभामा त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत गेली. दारव्ह्याकडे जाणारी जीप अजून भरली नव्हती. ड्रायव्हर आणखी चार माणसांसाठी हाका मारत होता. संघदीप टपावर पेटी बांधत होता. खाली उतरला तेव्हा सत्यभामानं त्याचा हात धरला. तिचं तिनंच ठरवलं होतं. डोमाजीचा हुकूम गेला खड्ड्यात.

"संघदीप, बाबानं खोटं सांगतलं तुले. तुहा निरोप म्या सांगतलाच नाही. त्याले मालूमच नव्हतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिनं सगळं सांगितलं, चपराशीनपासून पंपापर्यंत, काही न लपवता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिनं जशी झाली तशी, काही न लावता सांगितली. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं. आता तो शिव्या देईल, रागावेल, पण बापाकडे एकदा वळून तरी पाहील.

संघदीपनं तिचा हात हळूच सोडवला. "आई, राहू दे."

"खरं हाये ते. म्या गिळला निरोप."

"बुढा शिव्या दे अन तू मले सांगे, जेवला का म्हनून इचारून राह्यले बाबा. मले काय समजत नव्हतं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि ती तिला जास्त लागली. "अडीच वर्षं तू त्याचं गोड करून सांगत आली. आता जाता जाता बी तेच करून राह्यली."

तिनं संबोधीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढं केला, की या लेकराची शपथ घेऊन सांगावं. त्यानं मुलीला उचलून जीपमध्ये दीपमालेच्या मांडीवर दिलं. शपथबिपथ नको म्हणाला, आपण मानतो का ते. दीपमालेनं सासूकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली, आणि तिचाही विश्वास बसला नाही हे सत्यभामाला कळलं. जीप भरली. दार लावता लावता संघदीप म्हणाला, "तुले गमलं नाही तं तू येजो लोहाऱ्याले. पन त्याले सांग, बुढा मेला तरी मले फोन करू नका."

जीप निघून गेली. सत्यभामा रस्त्याच्या कडेनं चालत घरी आली. समोरची खोली रिकामी होती, भिंतींना कापसाचे तंतू चिकटलेले होते. डोमाजी ओसरीवर बाजेवर बसला होता. ती त्याच्यापुढून आत जायला लागली तेव्हा त्यानं विचारलं. तिच्याकडे न पाहता विचारलं, पण विचारलं.

"काही म्हने काय?"

ती थांबली. वाटभर तिच्या तोंडात दहा गोड गोष्टी तयार होत्या. पोहोचल्यावर फोन करतो म्हणाला. तुमच्या खोकल्याला काढा द्या म्हणाला. तिनं त्या सगळ्या बाजूला सारल्या.

"म्हने, बुढा मेला तरी मले फोन करू नका."

डोमाजीनं मान डोलावली. खरंच असं म्हणाला का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.